गुळाच्या पाण्याचा दोष

नालवाडीचे नरहर देशकर बत्तीस वर्षं कृषी सहायक होते, आणि जिवाणूंबद्दल बोलायला लागले की त्यांना आवरणं कठीण. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडायची, आतला गुलाबी रंग दाखवायचा आणि म्हणायचं, "हे जितं हाय. हवेतलं नत्र झाडाले फुकटात देते." पेरणीआधी जिवाणूंचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला चोळायला गावाला त्यांनीच शिकवलं.

हाच माणूस तीन वर्षांपूर्वी ती पाकिटं मोटारसायकलच्या डिकीत टाकून पुलगावला एका साक्षगंधाला गेला. पंगत उठेपर्यंत दुपार कलली. डिकी उघडली तर पाकिटं हाताला चटके देत होती. उन्हानं जिवाणू मरतात हे घसा फोडून सांगणाऱ्याला ते कळलं नसेल? चांगलं कळलं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गावात वाटली. नवी मागवायची तर वरच्या साहेबाला कारण सांगावं लागलं असतं.

सव्वा महिन्यानं, गावात पहिल्यांदाच सोयाबीन पेरलेल्या जयवंताबाईंनी शेतातली झाडं उपटून त्यांच्यापुढे धरली. मुळं साफ बोडकी, एक गाठ नाही. गुळाचं पाणी नीट थंड झालं नसेल का, असं बाईंनीच विचारलं. नरहररावांनी मान डोलावली. "तसंच झालं असन," म्हणाले. त्या मान डोलावण्याची लाज मग त्यांना जेवताना, देवापुढे हात जोडताना, कुठेही गाठू लागली.

यंदा ते निवृत्त झाले, तेव्हा गावानं शाळेत सत्कार ठेवला. त्यांच्या खांद्यावर शेला घालून जयवंताबाई सगळ्यांना बजावू लागल्या, की पाणी थंड करूनच घ्या, आमच्या घरून एकदा चूक झाली, पण साहेबांनी शब्दानं बोल लावला नाही. नरहररावांचे कान तापले. शेला काढून त्यांनी घडी घातली आणि डिकीपासून सगळं सांगून टाकलं. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, सुटलो.

जयवंताबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, पाणी माह्या सुनेनं केलतं. तवापासून मी तिले बियाण्याले हात लावू देल्ला नाई."

ती सून, सुलोचना, मागे चहा ओतत होती. तिच्याकडे पाहायची नरहररावांची हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं तीच कप घेऊन पुढे आली. आधी सासूला दिला, मग त्यांना. कप घेताना त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.