काळा कोळी आणि खिल्लारे सर

प्रा. खिल्लारे सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या घरच्या दुखवट्यात झाली. आमच्या साखरा गावी माझा नऊ वर्षांचा मुलगा समीर गेला, त्याला चार दिवस झाले होते.

त्या सकाळी समीर पोट दुखतंय म्हणत उठला. त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. अंथरुणाजवळ काळा कोळी दिसला, म्हणून आम्ही त्याला कोळ्याच्या विषावरचा पाला लावत बसलो. दुपारी तो गेला. मग नवीन विषारी जात आली म्हणून गावभर काळे कोळी मारणं सुरू झालं. हिंगोलीत प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर हे ऐकून आपणहून आले.

त्यांनी पिशवीतून चार बाटल्या काढल्या. एकीत पांढुरका कोळी, दुसरीत तपकिरी, तिसरीत ठिपक्यांचा, चौथीत अगदी काळा.

"ही चारही एकाच मादीची पिल्लं. मी घरी वाढवली. रंग वेगळे, जात एकच. आपल्या घराच्या कोपऱ्यात जाळी करतो तोच हा. यानं माणूस मरत नाही."

"मंग लेकरू काहून गेलं?" माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

समीर कुठं झोपत होता, ते सरांनी पाहिलं; आता तिथं माझी धाकटी लेक झोपत होती. तिथं भिंतीला बीळ होतं. "धाकटीला आज इथं झोपवू नका," ते म्हणाले. संध्याकाळी सर्पमित्रानं त्या बिळातून मण्यार काढली. तिचा दात लागलेला पुष्कळदा दिसतही नाही, नुसतं पोट दुखतं आणि पापण्या मिटतात, असं सरांनी सांगितलं.

"सर, लगेच दवाखान्यात नेलं असतं तर?" मी विचारलं.

"वाचण्याची शक्यता होती, बाई."

ते खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. दोन वर्षं मी घरात त्यांचं नाव काढू दिलं नाही. मी शिकवते त्या शाळेत ते बाटल्या घेऊन आले, त्या दिवशी मी रजा टाकली.

पुढे शेजारच्या शबानाची मुलगी एका सकाळी तशाच जड पापण्यांनी उठली. बायका कोळी शोधू लागल्या. मी मुलीला उचललं, जीप थांबवली, थेट हिंगोली गाठली. ती वाचली. परतताना मी सरांच्या दारात उतरले. त्यांनी पाणी दिलं आणि मला रडू दिलं.

आता सरांना एका डोळ्यानं दिसत नाही. रविवारी मी जाते, भिंगातून पाहून कोळ्यांचे रंग सांगते, ते लिहून घेतात. समीरबद्दल आम्ही बोलत नाही.

पंचाहत्तरी गाठलेल्या सरांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो. ऐकवत नाही तेही खरं सांगणारा माणूस आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हवा आहे.