नावं न ठेवलेली भिंत

मशिदीच्या भोंग्यावरून मयतीची खबर आली तेव्हा मी अंगणात मेथी निवडत बसले होते. 'शेख शकील वल्द शेख गनी...' एवढं ऐकू आलं, जनाज्याची वेळ ऐकू आली, आणि मी निवडत राहिले. आमच्या मेडशीत शकील नावाची माणसं पाच-सहा तरी निघतील, त्यातलं कोणी असेल, बिचारा, असं मनात म्हणूनही झालं. मग शेजारची सुनंदा कुंपणावरून डोकावली. "बाई, ऐकलं काय? आपला पेंटर गेला." मी तिला म्हणाले, "काहीतरीच नको सांगू." पण ती काहीतरीच सांगत नव्हती. ज्या माणसाशी तीस वर्षं भांडले, त्याच्या वडिलांचं नाव मला त्या दिवशी भोंग्यावरून कळलं, आणि कळूनही माणूस ओळखता आला नाही. शकीलभाई दुपारी जेवायच्या आधी हात धुवायला म्हणून उठले आणि मोरीपाशीच बसले, ते उठलेच नाहीत. मी गेले तोवर घर बायकांनी भरलं होतं. त्यांची बायको, शमीमभाभी, माझा हात धरून बसली आणि एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दुःखानं बोलत नसेल.

शकीलभाईंची आणि माझी ओळख एका वांग्यावरून झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी नवी आले होते आणि ते पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर फळं आणि भाज्या काढत होते. आंबा झकास, टमाटा झकास, आणि वांगं मात्र निळं! मी जाऊन म्हटलं, "शकीलभाई, वांगं असं असते काय?" ते शिडीवरून खालीसुद्धा न बघता म्हणाले, "बाई, चित्रातलं वांगं असंच असते." दुसऱ्या दिवशी बाजारातून एक चांगलं टपोरं वांगं आणलं आणि भिंतीला लावून धरलं. वर्गातली पोरं हसायला लागली. शकीलभाई खाली उतरले, वांगं हातात घेऊन खिडकीशी गेले, उलटसुलट करून पाहिलं आणि तसेच घरी निघून गेले. मला वाटलं, आता हा माणूस काही परत येत नाही. पण सकाळी शाळा उघडायच्या आधी भिंतीवरचं वांगं बदललेलं होतं, देठाजवळच्या त्या काळपट चमकेसकट. मी जाऊन बघितलं आणि म्हटलं, "हं, आता बरं आहे. पण देठ जाड झाला." त्यांनी कपाळावर हात मारला.

नावं ठेवणं हा माझा स्वभावच. आई म्हणायची, ही सासरी नांदायची नाही. मी सासरी गेलेच नाही, तो प्रश्न मिटला. पण या स्वभावाचा कोणाला उपयोग होईल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. त्या वांग्यानंतर शकीलभाई कुठलंही मोठं काम हातावेगळं करायच्या आधी शाळेच्या फाटकाशी सायकल लावून उभे राहायचे. "चला बाई, ठेवा नावं." दुकानाची पाटी असो, दर्ग्याची कमान असो नाहीतर देवळाच्या सभामंडपाचं छत... मी मधल्या सुट्टीत जायची, डोळे बारीक करून पाहायची, आणि काही ना काही काढायचीच. हा पिवळा उन्हात पांढरा पडेल. ही किनार वाकडी. कधी ते ऐकायचे, कधी हुज्जत घालायचे. "तुमच्या बापजन्मी पटलं नाही काही!" असंही एकदा म्हणाले होते आणि मग लगेच जीभ चावली होती. पण गिऱ्हाइकाला मात्र छाती काढून सांगायचे, "बाईचे नावं ठेवून झाले, आता काम पक्कं." पुढे फ्लेक्सचे बोर्ड आले आणि हातानं पाट्या रंगवणं संपलं. शकीलभाईंनी कुरकुर केली नाही, घरं रंगवायला लागले. त्याच सुमारास त्यांना शुगर निघाली, चहातली साखर सुटली. मी निवृत्त झाले. मधली सुट्टी उरली नाही, पण सायकल माझ्या घराशी येऊ लागली.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत जाणं आणि उकिडवं बसणं, दोन्ही होईना. डॉक्टर म्हणाले, घरातच कमोड बसवून घ्या. न्हाणीघर होतं चार बाय सहा फुटांचं, जुन्या शहाबादी फरशीचं, त्यातच सगळं बसवायचं ठरलं. शकीलभाईंना सांगितलं, तर मिस्त्रीच्या आधी तेच हजर. आम्ही दोघं एसटीनं तालुक्याला, मालेगावला, टाइल्सच्या दुकानात गेलो. दुकानदार आम्हाला डॉल्फिनच्या आणि गुलाबांच्या टाइल्स दाखवायला लागला. मी म्हटलं, "मले आंघोळ करायची आहे, समुद्रात नाही जायचं." मग फरशीची निवड. दुकानदार चकचकीत काढत होता आणि शकीलभाई मान हलवत होते. शेवटी त्यांनी पाण्याच्या बाटलीतून दुकानातच एका टाइलवर पाणी ओतलं. "बाई, चप्पल काढा. उभ्या राहा याच्यावर." दुकानदार 'अहो, अहो' करतोय आणि मी साठीच्या पुढची बाई दुकानाच्या मधोमध ओल्या टाइलवर अनवाणी उभी! मग दुसरीवर, मग तिसरीवर. तिसरी खरखरीत होती, रंगानं मातकट. "हे घ्या. हे पाय धरते," ते म्हणाले. त्यांनी प्रत्येक टाइलवरून आधी तळहात फिरवला होता. मला त्यात कसबी माणसाची ऐट दिसली. दुसरं काही दिसलं नाही.

भिंतीच्या टाइल्स निवडताना त्यांनी दोन उचलून दाराशी उन्हात नेल्या, अगदी नाकाजवळ धरल्या, आणि मला म्हणाले, "या दोन पांढऱ्यातली कोणती, तुमीच सांगा." त्यातली एक सरळसरळ सायीच्या रंगाची होती. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मी हसून दुधासारखी पांढरी निवडली आणि वर म्हटलं, "झाले काय पास?" तेही हसले. दुकानदाराचं म्हणणं होतं, टाइल्स थेट छतापर्यंत लावा, रंगाची कटकटच नको. तेव्हा शकीलभाई एकदम म्हणाले, "नाही. कमरेपर्यंत टाइल्स. वरचं मले राहू द्या." आवाज असा होता की दुकानदारानं वाद घातला नाही. मीही नाही. रंग कोणता, असं त्यांनी परत येताना एसटीत विचारलं. मी सांगितलं, आकाशी, पण फिका. शाळेचा शर्ट धुऊन धुऊन जसा होतो तसा. ते लगेच म्हणाले, "समजलो. दिवाळीनंतरचा शर्ट." इतकं नेमकं समजणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. मी आपलं सुचवलं की दुकानात मशीनवर नंबर सांगून हवा तो रंग बनवून मिळतो, तेवढाच त्रास वाचेल. तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडेच बघत म्हणाले, "मशीनचा रंग लावायचा, तं मग मले कायले बोलावलं?"

मिस्त्रीचं काम झालं, कमोड बसला, टाइल्स लागल्या. मग तीन दिवस शकीलभाई आत आणि मी बाहेर. पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये निळा ते थेंबाथेंबानं मिसळत, काडीनं ढवळत. मधे डोकावायचं नाही अशी ताकीद होती, तिसऱ्या दिवशी दुपारी हाक आली. "या बाई. ठेवा नावं."

मी दारात उभी राहिले. कपड्यांना घालायच्या निळीची पुडी फुटावी तशी समोरची भिंत दिसत होती. आकाशी नव्हेच, शर्टाचा तर पत्ताच नाही. आणि डावीकडची भिंत, जी आदल्या दिवशी झाली होती, ती वेगळ्याच निळ्याची. कोपऱ्यात दोन्ही रंग जिथे भेटत होते तिथे तर शिकाऊ माणसानंही मान खाली घातली असती. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. डब्याचं झाकण त्यांच्या पायापाशी पडलं होतं. ते बसून ते झाकण शोधत होते, फरशीवरून हात फिरवत, आधी या बाजूला, मग त्या बाजूला... तेव्हा मला दुकानातला तळहात समजला. उन्हात नेलेल्या टाइल्स समजल्या. आयुष्यभर ज्यानं गावाला रंग दाखवले त्याला निळा दिसत नव्हता, म्हणून तो दिसेपर्यंत निळा ओतत गेला होता. मी म्हटलं, "छान झालं शकीलभाई. एकदम छान."

ते झाकण हातात घेऊन उभे राहिले. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

"कुठी थेंब, कुठी डाग... कोपरा पाहून घ्या एकदा."

"पाहिला. मस्त आहे." मी वर हेही म्हटलं, "अगदी मले पाहिजे होता तसा."

"बरं," ते म्हणाले. चहा टाकला होता, पण घरी पाहुणे यायचेत असं सांगून निघाले. मला वाटलं, खूश झाले, लाजले असतील. खरं सांगू? त्या दिवशी मला स्वतःचंच कौतुक वाटलं. जन्मात एकदा तरी जिभेला लगाम घातला, एका म्हाताऱ्या कारागिराचं मन राखलं. नागपूरला माझी भाची असते, तिला फोनवर ते न्हाणीघर दाखवलं तर ती किंचाळलीच, "मावशी, अगं हे काय!" मी तिला दटावलं. म्हटलं, माणसापेक्षा भिंत मोठी नसते. केवढी शहाणी मी!

त्यानंतर शकीलभाई माझ्याकडे आले, नाही असं नाही. बसायचे, गावातल्या गोष्टी सांगायचे. पण 'चला बाई' म्हणून हाक मारली नाही. काम घेत नाहीत असं कानावर आलं, तेव्हा वय झालं, आता आराम करतील, असं म्हणून मी गप्प राहिले. डोळ्यांचं विचारावं असं कितीदा मनात आलं. पण विचारलं असतं तर भिंतीवर बोलावं लागलं असतं, आणि मग ते 'एकदम छान' उघडं पडलं असतं. एक खोटं सांभाळायला मी आठ महिने तोंड मिटून बसले.

शकीलभाई गेले, आणि मी त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेले. माणसं जेवून पांगली, तेव्हा शमीमभाभीनं मला आतल्या खोलीत नेलं. सामानाचा लाकडी खोका पुढे ठेवला. आत ब्रश होते, केस चिकटून काठीसारखे झालेले, टोकांना वाळलेला निळा रंग. शकीलभाईंनी ब्रश न धुता ठेवला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या घरून आले त्या दिवशीचे हायेत," भाभी म्हणाली. "म्या इचारलं, ब्रश काहून नाही धुतले? तं म्हणे, आज बाईनं नावं नाही ठेवली. म्या म्हणलं, मंग चांगलंच झालं की. म्हणे, तुले नाही समजत शमीम. बाईले दया आली माह्यावर."

मी खोक्यातल्या एका ब्रशच्या केसांवरून बोट फिरवलं.

"तवा आमाले डोळ्याचं समजलं. म्या म्हणलं अकोल्याले जाऊ, मोठ्या डाक्टरले दाखवू. पोरानं हात जोडले. तं म्हणे, आता कायले? बाईले दिसलं म्हंजे सगळ्याईलेच दिसलं." तिनं खोका मिटला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "बाई, तुमी त्या दिवशी भांडल्या असत्या ना, तं ते तुमच्यावर चिडून गेले असते अकोल्याले."

हे तिनं सहज म्हटलं. पण खरं तेच होतं. वांग्याच्या वेळी ते चिडून घरी गेले होते आणि चिडूनच परत आले होते. त्यांना माझ्या कौतुकाची गरज कधीच नव्हती, ते त्यांना गावभर मिळत होतं. माझ्याकडे ते एकाच गोष्टीसाठी यायचे, आणि ज्या दिवशी ती सगळ्यात जास्त हवी होती त्या दिवशी मी त्यांना तिऱ्हाइतासारखं गोड बोलून वाटेला लावलं. दया करण्याइतकी मोठी मी कधी झाले, कोण जाणे.

परवा भाचीनं एक पेंटर पाठवला. "आता करून घे मावशी. आता कोणाला वाईट वाटायचं नाही," असं ती फोनवर म्हणाली होती. चांगला मुलगा होता, हातात रंगांचं कार्ड, दोनशे आकाशी त्यात. न्हाणीघराच्या दारात उभा राहून हसला आणि म्हणाला, "बाई, कोण्या येड्यानं केलं हे काम?" मी त्याला जायला सांगितलं. चहासुद्धा विचारला नाही.

मग आत गेले, दार लावून घेतलं. ती मातकट फरशी ओली होती, तिनं पाय घट्ट धरला. उजेडाच्या खिडकीतून ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं, त्यामुळे दोन्ही निळ्यांतला फरक आणखीच उठून दिसत होता. मी त्या कोपऱ्याशी उभी राहिले आणि शाळेत बोलायची त्या आवाजात, मोठ्यानं म्हणाले, "शकीलभाई, निळा लय जास्त झाला. आन् या दोन भिंती एकमेकीले जुळत नाहीत. मले पसंत नाही हे काम. पण आधी अकोल्याले जाऊन डोळे दाखवून या, मग पाहू. भिंत काही पळून नाही चालली."