पप्पांनी बंद केलेली गोळी

आमच्या घरात छापायला जाणारा प्रत्येक मजकूर दोघांच्या हातांखालून जातो. एक लिहितो, दुसरा पेन्सिल घेऊन बसतो आणि ज्या वाक्याला आधार नाही त्याच्यासमोर समासात लिहितो, ‘कशावरून?’ उत्तर देता आलं तर वाक्य राहतं, नाही तर जातं. हा नियम पप्पांचा. मी सातवीत असताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात पेन्सिल दिली. पत्रक अंगात येणाऱ्या एका बाईवर होतं. मैत्रिणी गोष्टींची पुस्तकं वाचत, मी पत्रकं वाचत मोठी झाले. एक पान नीट लिहिलं की माणूस बदलतो, असं मला आजही वाटतं. म्हणूनच त्या संध्याकाळी मला भीती वाटली.

आम्ही कात्रपच्या फ्लॅटमध्ये चहा घेत होतो. पप्पांनी हाताने लिहिलेली दोन पानं माझ्यापुढे सरकवली.

“रविवारी उल्हासनगरला, कॅम्प चारच्या विहारात बोलायचंय. प्रती काढायच्यात. बघून घे.”

वर मथळा होता: ‘कोलेस्टेरॉलची गोळी कुणाच्या गरजेची, पेशंटच्या की कंपनीच्या?’

“मी स्वतः बंद केलीय,” ते म्हणाले. “दोन महिने झाले. काही झालं नाही. तोच अनुभव लिहिलाय.”

आईने कप खाली ठेवला. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

गेल्या वर्षी पप्पांना ड्युटीवर अॅटॅक आला. सोबतच्या कामगारांनी त्यांना अंबरनाथ एमआयडीसीतून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोलेस्टेरॉलची गोळी आता कायमची.

“रक्त पातळ करायची घेतो मी,” माझा चेहरा बघून पप्पा म्हणाले. “तिला कारण आहे, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये. पण ही कशाला? रिपोर्ट तर नॉर्मल आला होता. वर पोटऱ्या अशा दुखतात की जिना चढवत नाही. कंपनीला मरेपर्यंत गिऱ्हाईक पाहिजे, दुसरं काय.”

त्यांना उडवून लावणं सोपं नव्हतं. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिअॅक्टर त्यांनी धुतले, नाल्याचं पाणी रंग बदलताना त्यांनी पाहिलं. मालक लोक किती खोटं बोलतात हे मला त्यांनीच शिकवलं.

“रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे,” मी म्हटलं.

“कशावरून?”

“तुमच्या कंपनीने अपघात टाळायला नेमलेला सेफ्टीवाला काढला, तेव्हा मालक काय म्हणाला होता?”

आईच म्हणाली, “म्हणाला होता, अपघात तर होतच नाही, मग याला पगार कशाचा?”

“आणि पप्पांनी गेटवर वाटलेल्या पत्रकात काय होतं?”

“‘माणूस उभा होता, म्हणून अपघात झाला नाही.’” ते वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

“तो कारखाना होता,” पप्पा म्हणाले. “हे माझं शरीर आहे. मला कळतं.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी स्पीकर चालू केला. त्यांच्या शिफ्टचे जोडीदार होते, मी त्यांना अण्णा म्हणते. ते कॅम्प चारला राहतात. पप्पांच्या आधी त्यांना अॅटॅक येऊन गेला होता.

“जय भीम दादा. तुम्ही बोललात तशी मी पण दिली सोडून ती गोळी. एकदम हलकं वाटतंय. मिसेस बोंबलते, तिला म्हटलं, दादा बोलले म्हणजे विषय कट.”

पप्पा हसले. अजून पत्रक छापलंही नव्हतं आणि एक माणूस बदललाही होता. विहारात तर असे कितीतरी जण येणार होते.

मी पेन्सिल घेतली. कंपन्यांच्या किमतींबद्दल आणि नाल्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, त्यातला एक शब्द खोडला नाही. ते खरंच होतं. फक्त ‘काही झालं नाही’ याच्यासमोर लिहिलं, ‘कशावरून?’

पप्पांनी ते वाचलं. “ठीक. रक्त तपासू.”

सकाळी रक्त देऊन परत येताना ते जिन्यात मध्येच थांबले, कठडा धरून.

“छाती?”

“पाय. चल तू.” थोडं थांबले, मग चढले.

रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठरा. शेजारी लॅबने छापलेली मर्यादा एकशे तीस. कुठे लाल खूण नाही.

“नॉर्मल,” पप्पा म्हणाले. “खोड तुझं कशावरून.”

नियमाप्रमाणे मी ते खोडायला हवं होतं. मी जुना रिपोर्ट काढला. गोळी चालू असताना तोच आकडा बासष्ट होता.

“रेषेच्या आतच आहे ना?”

“ही रेषा कुणासाठी आखलीय ते विचारू या. ज्याने गोळी दिली त्यालाच.”

शनिवारी उल्हासनगरला डॉक्टरांकडे गर्दी होती. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

“काका, ही छापलेली रेंज अॅटॅक न आलेल्यांची. तुमच्या नळीतला चरबीचा थर एकदा फुटलाय. स्टेंट एकाच जागी आहे, बाकी नळ्यांत थर आहेच. तुमची रेषा पंचावन्न. गोळी फक्त आकडा नाही उतरवत, तो थर फुटू नये म्हणूनही आहे.”

“आणि पाय दुखतात त्याचं काय?”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही. तुम्ही पुढचा पेशंट बोलावला.”

डॉक्टर म्हणाले, “बरोबर आहे. या गोळीने कुणाकुणाचे स्नायू दुखतात, तेही खरं. तेव्हा डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पण दोन महिने बंद आहे ना? मग अजून का दुखतात?”

डॉक्टरांनी पप्पांना टेबलावर आडवं केलं आणि दोन्ही पावलांवर बोटं ठेवली. डाव्या पावलावरची बोटं बराच वेळ हलली नाहीत.

“चालताना दुखतं, थांबलं की जातं?”

“हो.”

“इथे नाडी फार बारीक लागते. तोच थर पायातल्या नळ्यांतही होतो. टेस्ट करून घ्या. गोळी आजपासून सुरू. बंद करायची वाटली तर माझ्याशी भांडा, पण आधी सांगा.”

डॉक्टरांचा मला रागही आला. हीच चार वाक्यं गेल्या वर्षी बोलले असते तर?

बाहेर येताच पप्पा म्हणाले, “अण्णाला फोन लाव.” घंटा वाजत राहिली. रिक्षात लावला, घरी पोहोचल्यावर लावला. अण्णा उचलेनात. पप्पा बाल्कनीत जाऊन उभे राहिले. संध्याकाळी त्यांनी ती पानं घेतली, ‘काही झालं नाही’ या वाक्यावर आडवी रेघ मारली. कंपन्यांचा परिच्छेद ठेवला. छापायला मात्र काहीच दिलं नाही.

रविवारी आम्ही विहारात लवकर पोहोचलो. चटईवर पहिल्याच रांगेत अण्णा मांडी घालून बसले होते. मी श्वास सोडला.

“फोन?” पप्पांनी विचारलं.

“भाच्याच्या हळदीत होतो दादा. डीजेत काय ऐकू येतंय?”

“गोळ्या कुठायत तुझ्या?”

“असतील कपाटावर. का?”

“जा, घेऊन ये.”

“आत्ता? भाषण ऐकू द्या की.”

“भाषण तुझ्यासाठीच आहे. तू आल्यावर सुरू करतो.”

अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांकडे, आणि चपला शोधत बाहेर गेले. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी खुर्ची पुढे केली. पप्पांनी ती नको म्हटलं. खिशातून स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली, माईक बंद केला आणि दाराकडे बघत उभे राहिले, थोडा भार उजव्या पायावर देऊन.