धारवाल्या मामांकडून कुणी काही घेईना

सायकल स्टँडवर चढवायची, पॅडल मारत राहायचं आणि फिरत्या दगडावर पातं इतकं हलकं टेकवायचं की ठिणग्यांचा पिसारा फुलावा, हा आमच्या धारवाल्या मामांचा धंदा. सुऱ्या, विळ्या, कात्र्या, जे येईल त्याला धार. पण मामांचा खरा अभिमान निराळाच होता. सरकारी दवाखान्यात कुणाच्या हातात किती आणि कसं सरकवायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नोट दुमडून नखाएवढी करायची, तळव्यात लपवायची आणि समोरच्याचा हात मायेनं हातात घ्यायचा. हात सुटले की नोट पलीकडे. ही विद्या ते वडिलांच्या आजारपणात शिकले आणि मेहुण्याच्या मोडक्या पायावर त्यांनी ती घोटून घेतली. गेटवरच्या शिपायाचा दर वेगळा, स्ट्रेचरवाल्याचा वेगळा, धुतलेल्या चादरीचा त्याहून वेगळा.

मग मामींच्या पित्ताशयात खडे निघाले. मामा नोटा दुमडून तयार झाले, पण तोवर दवाखाना बदलला होता. औषध, ऑपरेशन, जेवण, सगळं मोफत. पेशंटच्या माणसांकडून कुणी काही घेतलं तर त्यानं थेट घरी बसायचं, असे फलक भिंतीभिंतीवर लागले होते. मामा फलक वाचून गालातल्या गालात हसले. रंगवणाऱ्यालाही कुणीतरी चहापाणी दिलंच असेल, असं ते मामींना म्हणाले.

गेटवरच्या शिपायानं पुढे आलेला हात पाहिला आणि कोपरानंच सलाम ठोकला. स्ट्रेचरवाला मामींना ढकलत नेत होता. मामांनी त्याचा हात धरायला हात पुढे करताच त्यानं घाबरून आपले दोन्ही हात खिशात घातले. स्ट्रेचर मामींसकट उतारावरून एकटंच निघालं आणि जाऊन थांबलं ते थेट एक्सरेच्या दाराशी. जायचंही तिथंच होतं, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

दुपारपर्यंत वॉर्डभर बोभाटा झाला. मामा दिसले की आया, शिपाई, सगळे हात पाठीमागे बांधून चालू लागत, जणू कुणी मोठा साहेब पाहणीला आला आहे. मामांनी उशीच्या मळक्या अभ्र्यात नोट घालून दिली, तर धोब्यानं ती धुऊन, इस्त्री करून परत आणून दिली.

आता हसणं मावळलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि मामांचा हिशेब साधा होता. ज्यानं आपलं काही घेतलं नाही, त्याला आपली भीड कशाची? असा माणूस टाकेसुद्धा सैल घालेल. कुणीतरी काहीतरी घेतल्याशिवाय मामी धड घरी यायच्या नाहीत, हे त्यांच्या मनानं घेतलं.

पैसे नाही तर काम तरी घ्या, म्हणून ते सायकल घेऊन आले आणि अंगणात चाक सुरू केलं. ट्रॉलीवरच्या पट्ट्या कापायच्या कात्र्या त्यांनी न विचारताच उचलल्या. त्या कात्र्या वर्षानुवर्षं बोथट होत्या आणि मोठ्या सिस्टरांच्या हाताला ताकद लावायची सवय होती. त्याच ताकदीनं त्यांनी एक पट्टी कापली. पट्टी गेली, तिच्याखालची चादर गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या कोटाचा खिसा पेनासकट खाली आला.

ऑफिसात बोलावणं आलं. मामा खुशीत गेले. त्यांना वाटलं, निदान रागावून तरी काही घेतील. पण मोठे कारकून म्हणाले की पेशंटच्या माणसाकडून फुकट काम करून घेणंही नियमात बसत नाही. त्यांनी मामांना धारेचे पैसे मोजून दिले आणि सही घेतली.

मामा पायरीवर मट्कन बसले. उलटं झालं होतं. दवाखान्यानंच त्यांना पैसे चारले होते. ते तसेच उठून मोठ्या सिस्टरांपुढे उभे राहिले.

"सिस्टर, माझ्या हातून काहीतरी घ्या हो. तिच्याकडे बघायला कुणीतरी बांधलेलं पाहिजे."

सिस्टरांनी मामांच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मामा, तुम्ही जेवा. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर मला आणखी एक पेशंट सांभाळावा लागेल."

सकाळी स्ट्रेचरवाला न बोलावता आला. मामा बाजूनं धावत ऑपरेशनच्या दारापर्यंत पोचले. आत डॉक्टरीणबाई तयार होत्या. मामांनी शेवटचा हात पुढे केला, तशा बाईंनी आपले दोन्ही हात वर केले.

मामांचे डोळे भरून आले. ते भिंतीला टेकून म्हणाले, "अरे, हिनं तर आधीच हात वर केले. आता माझी बायको गेली."

"हात धुतलेत त्यांनी, मामा," स्ट्रेचरवाला म्हणाला. "कशाला शिवायचं नाही म्हणून वर धरलेत. तुम्हीच खाली घ्या तुमचा."

दार बंद झालं. बाकावर मामा इतके गप्प बसले की येणारेजाणारे त्यांना मेलेल्या पेशंटचा नातेवाईक समजून हळू चालत होते.

यथावकाश दार उघडलं. बाईंनी एक छोटी बाटली मामांच्या हातात ठेवली. आत मामींचे खडे होते, गुळगुळीत, मिरीएवढे. मामांनी सवयीनं विचारलं, याचे किती द्यायचे? बाई म्हणाल्या, तुमचेच आहेत, घरी न्या.

मामी शुद्धीवर आल्या तेव्हा मामा खाटेशी उभे होते, चेहरा लिंबाएवढा. त्यांनी कबूल केलं की कुणालाही काही देता आलं नाही. टाके कसे घातले असतील देव जाणे.

मामींनी पांघरुणाखालून पोट चाचपलं. आवाज खोल गेला होता, पण तिखटपणा शाबूत होता.

"अहो, माझं अख्खं पित्ताशय काढून घेतलंय त्यांनी. आणखी काय घ्यायला हवं होतं तुम्हाला?"

मामांनी यावर बराच विचार केला. हिशेब बरोबर वाटत होता. मग ते स्टुलावर बसले, खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि तिथंच घोरू लागले. आया खिडकीचा पडदा ओढायला आली, तेव्हा मामींनी तिला खुणेनंच सांगितलं की जरा हळू.