सुगतच्या पानावरची बोडी

टेकचंदनं एका बटणासरशी अडीचशे मुडदे पाडले, तेही शुद्धलेखनाच्या प्रेमापोटी.

'खेळकट्टा' ही व्हिडिओ गेमवरची मराठी साइट. खेळणाऱ्यांनीच परीक्षणं लिहायची, त्यांनीच एकमेकांची पानं दुरुस्त करायची. भुताच्या खेळांवर पोरं तुटून पडत आणि 'बॉडी'ला तोंडात येईल तसं 'बोडी' लिहीत. कोंढ्याच्या टेकचंदला ते कुसळासारखं खुपे. त्यानं साऱ्या साइटवर 'बोडी' काढून विभक्तीसकट 'मृतदेह' घातला. साइट जड झाली म्हणून पानांच्या जुन्या आवृत्त्याही पुसल्या. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, आपण स्वतः दरसाल तिच्यातून धानाला पाणी देतो, हे गड्याला कॉम्प्युटरपुढे आठवलंच नाही.

साइट काढली होती अड्याळच्या सुगतनं. त्याच्या मोबाइलला रेंज यायची ती घरच्या बोडीच्या बांधावर, म्हणून तो तिथं बसून खेळायचा आणि खेळासोबत बोडीचंही लिहायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच बोडीत तो बुडाला. पाय घसरला, असं गाव म्हणतं.

तेव्हापासून साइट त्याची मोठी बहीण रत्नमाला सांभाळते. तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आयुष्यात एक खेळ खेळली नाही. पण शिव्या देणाऱ्याला हाकलावं आणि रुसलेल्याला परत आणावं ते तिनंच. दुकान उघडलं की आधी भावाचं एक पान वाचायचं, मग गिऱ्हाईक.

त्या सकाळी तिनं वाचलं : 'मृतदेहात पाय सोडून बसलो. गार वाटते. मासे बोटं चावून राहिले.'

खाली वाचकांची जत्रा. कोणी विचारलं होतं, 'लेखक जिवंत आहेत का?' आणि पाचपैकी पाच तारे दिले होते.

टेकचंदला बोलावणं गेलं.

"काहून रे, माझ्या भावाले मुडद्यात बसवलं?"

"ताई, शुद्धलेखन..."

"गाडून ये तुह्यं शुद्धलेखन. बस इथं."

तो एकेक ओळ वाचू लागला. ती हातातल्या मोबाइलचे स्क्रू काढता काढता निवाडा देई. "हा मुडदाच राहू दे. ही पाण्याची बोडी."

"मृतदेहात म्हशी डुंबून राहिल्या?"

"आता म्हशीबी मलेच विचारशील का?"

दोघंही हसले. दुपार कलली. हळूहळू टेकचंदला वाटू लागलं, सुगत मागं उभा राहून आपला आवाज ऐकतो आहे. मान वळवायचा त्याला धीर होईना.

मग सुगतचं शेवटचं पान आलं, अर्धवट. पाण्यात बुडालेल्या गावाचा खेळ. त्यात जागोजाग प्रेतं बोलतात. शेवटची ओळ होती : 'मृतदेहातून कोणी हाक मारून राहिलं. जाऊन पाहतो.'

त्याच संध्याकाळी सुगत गेला होता.

रत्नमालाचा हात थांबला. हाक खेळातल्या प्रेताची असेल, तर भाऊ पाय घसरून गेला. पाण्यातली असेल, तर तो आपल्या पायानं गेला. 'बोडी' या एका शब्दात दोन्ही मावत होतं, म्हणून दोन वर्षं तिला ही ओळ वाचवत होती. आता शब्द निवडायचा होता.

शेवटी टेकचंदनं हळूच विचारलं, "ताई, ही कोणती?"

"बोडी लिह, आन् घरी जाय."