गाडी माझ्या नावावर

गाडी माझ्या नावावर घ्यायची हे सासूबाईंनी ठरवलं. लक्ष्मी सुनेच्या नावानं घरात आली की टिकते, असं त्यांचं म्हणणं. मीही हरखून गेले. शोरूमच्या फॉर्मवर माझाच मोबाइल नंबर लिहिला गेला. चालवणार मात्र नवरा. रोज सकाळी मुरुमहून निघायचं, मुलीला उमरग्याच्या इंग्रजी शाळेत सोडायचं आणि तिथंच आपल्या ऑफिसला जायचं.

पहिला मेसेज आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर शिकवत होते. अतिवेग, दंड दोन हजार. लिंक उघडली तर हायवेवर आमच्याच गाडीचा फोटो, खाली वेगाचा आकडा. मधल्या सुट्टीत मी मोबाइलवरूनच पैसे भरले आणि घरी चकार शब्द काढला नाही.

आमच्या घरात वाईट बोलायची बंदी आहे. वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु म्हणत असतो, म्हणून 'अपघात' हा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत उच्चारायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. मी नुसतं "हळू चालवा" म्हटलं तरी त्या माझ्याकडं अशा बघायच्या, जणू रस्त्यातला खड्डा मीच खणून आले.

मेसेज येत राहिले. एकशे सात, मग एकशे अकरा. मी भरत राहिले. आता वाटतं, माझ्यासारखी मूर्ख मीच. दंड भरून मी त्याला रस्ता मोकळा करून देत होते आणि वर घरात शांतता ठेवल्याचं समाधान मानत होते. वर्गात फोन टेबलावर उलटा ठेवायचे. तो थरथरला की फळ्यावरचं अक्षर वाकडं जायचं.

मग तो फोटो आला. एकशे अठरा. काचेमागं नवरा, त्याच्या मांडीवर आमची सहा वर्षांची पोर, दोन्ही हात स्टेअरिंगवर. ती हसत होती.

संध्याकाळी तो ऑफिसातून आला तेव्हा मी चहाबरोबर फोनही त्याच्यापुढं ठेवला. त्यानं निरखून पाहिलं.

"फोटो लई भारी आलाय. मला पाठव की."

माझा तोल गेला. "अहो, एक दिवस मरंल ही पोर! अन् तुम्ही पण मराल!" मी ओरडले.

"तोंड आवर! दिवेलागणीला काय बोलतीस हे!" सासूबाई किंचाळल्या. मीठ-मोहऱ्या आणून त्यांनी लेकाची आणि नातीची दृष्ट काढली. त्यानं चहा संपवला.

मुलीचं नाव मी त्या शाळेतून काढलं आणि माझ्याच शाळेत घातलं. गाडी विकते म्हणाले, तर सासूबाईंनी दोन दिवस अन्न सोडलं. शाळेत थांबायचं नाही म्हटल्यावर त्याची घाई कमी होईल, असं मला वाटलं होतं. पुढच्या फोटोत तो एकटाच होता. एकशे बत्तीस. लायसन्स निलंबित होऊ शकतं, असं बजावणारी नोटीसही आली. तीही माझ्याच नावानं. त्याला दाखवली तर "बघू" म्हणाला.

हल्ली सकाळी तो निघाला की माझं शिकवण्यात लक्ष लागत नाही. फोन गप्प असला की मी तो पुन्हा पुन्हा उलटून बघते. दंडाचा मेसेज आला की जीव भांड्यात पडतो. निदान कॅमेऱ्यापर्यंत तरी तो जिवंत पोचलेला असतो.