निर्मलाताईंच्या वाटची वीज

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. रोज देवापुढे बसते, तिथेही हा विषय मनात आला की माळ भरभर ओढते आणि उठते — आता बोला! देवाशी लपवाछपवी करणारी बाई मी. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या सोनिवलीच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही.

तशी मी बोलकी. सोसायटीत कुणाकडे काय शिजतंय ते मला आधी कळतं. पण या एका गोष्टीवर मात्र मूग गिळून बसलेय.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये निर्मलाताई राहायच्या. फुप्फुसं कामातून गेलेली. ऑक्सिजनचं मशीन सतत चालू, नाकाला नळी. मशीन विजेवर — आणि पावसाळ्यात आमच्याकडची वीज म्हणजे, ढग गडगडला की गेली. त्यांचा मुलगा प्रशांत उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या आपल्या दुकानात बॅटऱ्या बनवायचा. आमच्या गच्चीवर सोलर होतं, पण ऊन असेल तोवरच त्याचा उपयोग. म्हणून सोसायटीच्या मागे लागून लागून त्याने खाली मीटररूममध्ये मोठी बॅटरी बसवली. दिवसाचं ऊन साठवायचं, वीज गेली की वापरायचं. सोसायटीचा हॉल, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सगळं तिच्यावर. फक्त शेवटचा हिस्सा राखीव. चार्ज तिथवर उतरला की बाकीचं आपोआप बंद, उरलेली वीज फक्त निर्मलाताईंच्या मशीनला. त्या राखीवसाठीच तर पोराचा सगळा आटापिटा होता. बॅटरी आली तसा भाड्याचा ऑक्सिजन सिलेंडरसुद्धा त्याने परत केला.

आणि ते राखीव कमीजास्त करायचा पासवर्ड त्याने कुणाला दिला? मला. "काकू, मी दिवसभर कॅम्प चारला असतो. इथं तुम्ही आहात ना."

आहे ना मी!

श्रावणात सुनेची पहिली मंगळागौर केली. हौसच होती मला, खोटं कशाला बोलू. हॉल सजवला, नऊवाऱ्या नेसलो, अंबरनाथहून विहीणबाई त्यांच्या सगळ्या गोतावळ्यासकट आल्या. दुपारीच वीज गेली होती, पण मी ऐटीत सांगत होते — आमच्याकडे बॅटरी आहे हो, काळजी नको! पंखे, दिवे, स्पीकर, सगळं जोरात. झिम्मा झाला, फुगड्या रंगल्या. आणि संध्याकाळी, ऐन खेळात, हॉल काळोखा. राखीव लागलं होतं.

विहीणबाईंनी पदराने वारा घेतला आणि हसून म्हणाल्या, "इकडे असंच असतं का हो?"

एवढंच. एवढ्या एका वाक्यासाठी मी खाली गेले. राखीव कुणाचं आहे हे तेव्हा आठवलं नाही, असं म्हणू का? आठवलं होतं. जिना उतरताना त्यांच्या दारापलीकडे मशीनचा आवाज येत होता, तो मी ऐकला. मनात म्हटलं, वीज येईलच आता. उद्या ऊन पडेल, पुन्हा भरेल. पासवर्ड टाकला आणि राखीव शून्यावर आणलं. हॉल उजळला. वर टाळ्या वाजल्या, त्या खालपर्यंत ऐकू आल्या.

वीज आली, पाहुण्यांची पानं वाढायच्या वेळेला. तोवर बॅटरी तळाला गेली होती. आणि आमची बॅटरी भरायची ती फक्त उन्हावर — बिल वाचावं म्हणून कमिटीनेच तसं ठरवलेलं. दुसऱ्या दिवशी सूर्य म्हणून दिसला नाही. जे थोडंफार भरलं असेल, ते दुपारी वीज गेल्यावर लिफ्टने आणि जिन्यातल्या दिव्यांनीच संपवलं. राखीव शून्यावरच होतं ना! पुन्हा चढवायचं मी विसरले. फुगड्यांनी पाय भरून आले होते, मी आडवी झाले होते.

निर्मलाताईंना सांभाळणाऱ्या मावशींनी दार बडवलं तेव्हा उठले. मशीन बंद. लिफ्ट बंद. बिल्डिंगमधल्या पुरुषांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेलं. मी बाजूने चालत होते, त्यांचा हात धरून. ओठ निळे पडले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या — मी काहीतरी करेन असं वाटत असेल त्यांना. काय करणार होते मी?

आता सांगते, जे सांगायला बसले ते. ॲम्ब्युलन्स गेटबाहेर पडली, आणि मी मीटररूममध्ये गेले. राखीव होतं तिथे परत आणून ठेवलं. बाईंना ऑक्सिजन मिळाला का, हे कुणाला विचारायच्याही आधी.

निर्मलाताई घरी आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तशीही थकली होती. ते वाक्य मी किती चघळलं! एक दिवससुद्धा चव आली नाही त्याला.

दिवसकार्य झाल्यावर प्रशांतने बॅटरी गच्चीवर नेऊन उघडली. एकेक सेल तपासत बसला. दोष सापडेना. मी चहा घेऊन वर गेले, तर मान वर करून म्हणाला, "काकू, राखीव बरोबर होतं ना हो?"

"होतं की," मी म्हटलं. "मी बघितलं ना."

"मग माझंच काहीतरी चुकलं."

"अरे, माल खराब निघाला असेल," असं म्हणून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ही मी. आईच्या मायेने हात फिरवला आणि त्याच्याच आईच्या मरणाचा दोष त्याच्या गळ्यात घातला.

त्याने दुकान बंद केलं. आता अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला जातो. परवा कमिटीने मला त्याच्याकडे पाठवायचं ठरवलं — पावसाळा तोंडावर आलाय, नवी बॅटरी बसवून दे म्हणावं. पण तोच आधी आला, गच्चीची किल्ली द्यायला. मी विषय काढला तर त्याने हात जोडले.

"नको काकू. माझ्या हाताला यश नाही. आईचंच झालं नाही माझ्या हातून, दुसऱ्या कुणाचं काय होणार?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. तो माझ्यासमोर उभा होता, आणि सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं.

"बस," मी म्हटलं. "चहा टाकते."